एलिझाबेत विजे-ल ब्रँ : ‘राणीची चित्रकर्ती’ एवढी ओळख पुरेशी आहे का?

चित्रवेडी (धागाकर्ती)

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हटले की जो चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो बहुतांशी एकाच बाईच्या कुंचल्यातून उतरलेला आहे. एलिझाबेत विजे-ल ब्रँ हे तिचे नाव. १७७८ ते १७८९ या अकरा वर्षांत तिने राणीची सुमारे तीस चित्रे केली आणि ‘राणीची चित्रकर्ती’ हे बिरूद तिला कायमचे चिकटले. गेले काही महिने मी तिच्या आठवणी आणि तिची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहते आहे. ते बिरूद तिच्यावर अन्याय करते, असे मला आता ठामपणे वाटते, म्हणून हा धागा काढला आहे.

तिचा जन्म १६ एप्रिल १७५५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लुई विजे हे पेस्टलमध्ये व्यक्तिचित्रे करणारे चित्रकार होते. मुलगी सात-आठ वर्षांची असताना तिने दिव्याच्या उजेडात एका दाढीवाल्या माणसाचे चित्र काढले. ते पाहून वडिलांना इतका आनंद झाला की ही पुढे चित्रकारच होणार, असे भाकीत त्यांनी तिथल्या तिथे केले, असे ती सांगते. पण ती बारा वर्षांची असतानाच, गिळलेल्या माशाच्या काट्याचे निमित्त होऊन ते वारले. आईने एका जवाहिऱ्याशी दुसरे लग्न केले. पंधरा-सोळाव्या वर्षापासून ही मुलगी घर चालेल इतके पैसे व्यक्तिचित्रांवर मिळवू लागली होती आणि ते पैसे सावत्र वडिलांच्या हाती जात होते. पुढे १७७६ मध्ये तिने चित्रांचा व्यापारी असलेल्या ल ब्रँ याच्याशी लग्न केले, तेव्हा तिची मिळकत नवऱ्याच्या हाती जाऊ लागली. दहा लाखांहून अधिक फ्रँक कमावूनही १७८९ मध्ये देश सोडताना आपल्याजवळ वर्षाला वीस फ्रँकही उत्पन्न देणारी ठेव नव्हती, असे तिने लिहून ठेवले आहे.

मी हे सगळे आधी सांगते आहे, कारण राणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती आठ वर्षे भर बाजारात उभी राहून काम करत होती. १७७४ मध्ये तर परवाना नसताना धंदा करते म्हणून तिच्या कार्यशाळेला सरकारी टाळे लागले होते. त्यानंतर तिने सेंट ल्यूक अकादमीत, म्हणजे चित्रकारांच्या जुन्या संघाच्या अकादमीत, अर्ज केला आणि त्याच वर्षी तिला प्रवेश मिळाला. दरबाराने तिला पुढे आणले खरे, पण घडवले मात्र या गिऱ्हाइकांनी. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

रंगरेषा

धाग्याबद्दल आभार. मी स्वतः तैलरंगात व्यक्तिचित्रे करतो, त्यामुळे तिच्या आठवणींच्या जोडीला छापलेला, तरुण चित्रकारांना केलेल्या उपदेशाचा छोटासा भाग मला फार जवळचा वाटतो. त्यात एकही मोठे तत्त्वज्ञान नाही. मॉडेल येण्याच्या अर्धा तास आधी स्वतः तयार असावे, म्हणजे मन स्थिर होते. चित्रकाराच्या पाठीमागे आरसा असावा, म्हणजे मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही एकदम त्यात दिसतात आणि आपली चूक लगेच कळते. समोर बसलेल्या बाईशी बोलत राहावे, ती सुंदर दिसते आहे हे तिला सांगावे, म्हणजे तिचा चेहरा ताजा राहतो.

हा शेवटचा सल्ला वाचून अनेकांना तो खुशामतीचा धडा वाटतो. ज्याने कुणाला दोन तास खुर्चीत बसवून रंगवले आहे, त्याला ते तसे वाटणार नाही. पहिल्या वीस मिनिटांत माणूस सावध असतो, नंतर त्याचा चेहरा हळूहळू ओघळतो, डोळ्यांखालचे स्नायू सैल पडतात, ओठांचे कोपरे खाली येतात. त्या वेळी जे रंगवले जाते ते त्या माणसाचे थकलेपण असते. बैठकीत चेहरा जिवंत ठेवणे हे रंग कालवण्याइतकेच व्यक्तिचित्रकाराचे काम आहे आणि हे कसब तिच्याजवळ असामान्य होते. तिच्या बहुतेक चित्रांत ओठ किंचित विलग दिसतात, माणूस नुकताच काही बोलून थांबला आहे किंवा आता बोलणार आहे असे वाटते, ते यामुळेच.

बखरकार

आठवणींबाबत एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. त्या १८३५ ते १८३७ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाल्या, म्हणजे लेखिका तेव्हा ऐंशी वर्षांची होती आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे दिवस आठवत होती. त्या दिवसांवर तिचे मनापासून प्रेम होते. तेव्हा स्त्रियांचे राज्य होते आणि १७८९ च्या फ्रेंच क्रांतीने त्यांना पदच्युत केले, असा तिचा सूर आहे. त्यामुळे प्रसंग वाचताना त्याला शक्य तिथे कागदपत्रांचा आधार शोधावा.

असा आधार भक्कमपणे मिळतो तो राजेशाही अकादमीतल्या प्रवेशाच्या बाबतीत. ३१ मे १७८३ रोजी तिला आणि आदेलाईद लाबीय-ग्यार या दुसऱ्या चित्रकर्तीला एकाच दिवशी सदस्यत्व मिळाले. अकादमीत एका वेळी चारच स्त्रिया असाव्यात असा दंडक होता, त्या दिवशी ही संख्या पूर्ण भरली. विजे-ल ब्रँच्या प्रवेशाला हरकत घेण्यात आली ती नवरा चित्रांचा व्यापारी आहे या कारणाने, कारण अकादमीच्या नियमांनुसार सदस्याचा चित्रव्यापाराशी संबंध चालत नसे. राणीने शब्द टाकला आणि राजाच्या आदेशाने ती हरकत बाजूला झाली. आपली योग्यता दाखवायला तिने व्यक्तिचित्र न देता, शांती समृद्धीला परत घेऊन येते आहे असे रूपकचित्र दिले होते. ‘मला फक्त चेहरे रंगवणारी समजू नका’ असे सांगण्याचाच तो प्रकार होता, असे मी मानतो.

कोरापाट

सगळ्यांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. दरबाराने तिला घडवले नाही हे मान्य केले, तरी तिने दरबाराची प्रतिमा घडवली हे नाकारता येत नाही. १७८७ चे राणी आणि तिच्या मुलांचे मोठे चित्र घ्या. खजिना रिकामा झाला होता, राणीला लोक उघडपणे ‘मादाम तूट’ म्हणत होते, आणि अशा वेळी सरकारी खर्चाने पावणेतीन मीटर उंचीचे चित्र करून घेतले गेले, ज्यात राणी पवित्र कुटुंबातल्या मातेसारखी मुलांच्या मध्ये बसली आहे. मागे अंधारात दागिन्यांचे कपाट आहे, म्हणजे माझी मुले हेच माझे दागिने, असा संदेश. हे सरळसरळ प्रचारचित्र आहे. ते उत्तम रंगवले आहे, याबद्दल दुमत नाही. पण ज्या कलावंताला राजवाड्याच्या कुंपणापलीकडचे काहीच दिसत नाही, त्याच्या कौशल्याचे कौतुक किती करावे, हा प्रश्न मला सतावतो.

चित्रवेडी

प्रश्न रास्त आहे. त्या चित्रामागचा हेतू आपण म्हणता तोच होता, हे मला मान्य आहे. मात्र त्या चित्रात एक पाळणा आहे. राणीच्या मांडीवर आणि कुशीत मुले आहेत आणि थोरला राजपुत्र पाळण्यावरचे कापड बाजूला करून आत बोट दाखवतो आहे. पाळणा रिकामा आहे. सर्वांत धाकटी मुलगी सोफी जून १७८७ मध्ये, वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, गेली. प्रचाराच्या गरजेपुरते पाहिले तर चार गुटगुटीत मुले दाखवणे सोपे होते, पण ती रिकामी जागा चित्रात तशीच राहिली आणि राणीच्या डोळ्यांतही ती उतरली आहे. अकादमीचे ‘सालाँ’ हे सार्वजनिक प्रदर्शन सुरू झाले तेव्हा लोकक्षोभाच्या भीतीने विजे-ल ब्रँ चित्र पाठवायला धजली नाही, भिंतीवर नुसती चौकट टांगलेली होती, आणि ती पाहून कुणीतरी ‘ही पाहा तूट’ असे म्हटल्याची हकिकत तिने स्वतःच नोंदवली आहे. चित्र नंतर लागले. दोन वर्षांनी, जून १७८९ मध्ये, ते बोट दाखवणारे मूलही गेले. त्यानंतर राणीला त्या चित्रासमोरून जाताना रडू आवरेना, म्हणून ते उतरवून ठेवले गेले, आणि तसे ठेवल्यामुळेच जमावाच्या तडाख्यातून वाचले, असे ती लिहिते. आज ते व्हर्सायमध्येच आहे.

त्याआधी चार वर्षांपूर्वीचा प्रसंगही या संदर्भात महत्त्वाचा आहे. १७८३ च्या सालाँत तिने राणीला पांढऱ्या मलमलीच्या सैलसर झग्यात, कमरेला फीत आणि डोक्यावर गवती टोपी अशा वेशात रंगवले. दागिना जवळजवळ नाही. बघे खवळले. राणीला अंतर्वस्त्रांत रंगवली, अशी ओरड झाली, आणि फ्रान्सच्या राणीने लियाँचे रेशीम सोडून परदेशी सुती कापड अंगावर घ्यावे, हा राग तर वेगळाच. चित्र काढून घ्यावे लागले आणि त्या जागी निळसर रेशमी पोशाखातली, हातात गुलाब धरलेली राणी रंगवून लावावी लागली. दोन्ही चित्रांत राणीची उभे राहण्याची ढब आणि हातातला गुलाब जवळपास तसाच आहे, बदलले ते कापड. चित्रकर्ती केवळ आज्ञाधारक असती तर पहिले चित्र तिने केलेच नसते.

टेम्सकाठ

मी लंडनला राहते आणि नॅशनल गॅलरीतले तिचे गवती टोपीतले आत्मचित्र अनेकदा पाहिले आहे. मूळ चित्र १७८२ चे, लाकडी फळीवरचे. गॅलरीत आहे ती तिनेच कॅनव्हासवर केलेली दुसरी आवृत्ती. आदल्या वर्षी नवऱ्याबरोबर फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये, गेली असताना तिने अँटवर्पमध्ये जुना फ्लेमिश चित्रकार रूबेन्स याचे एका तरुणीचे चित्र पाहिले, आणि त्यातल्या उजेडाने ती इतकी भारावली की परतण्यापूर्वीच स्वतःचे चित्र त्या पद्धतीने करायला बसली. रूबेन्सचे ते चित्रही आज याच इमारतीत आहे, त्यामुळे एका दालनातून दुसऱ्या दालनात जाऊन दोन्ही पडताळून पाहता येतात.

जवळून पाहिले की कळते, की टोपीची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडली आहे, पण ती काळी नाही. सावलीतही कातडीचा गुलाबी रंग जिवंत आहे, आणि जिथे सावली संपते तिथे गालावर सरळ ऊन येते. तिने स्वतः याचे वर्णन अगदी नेमके केले आहे. रूबेन्सच्या चित्रात एक ऊन आहे आणि एक नुसता दिवसाचा उजेड आहे. उजळलेला भाग म्हणजे ऊन. आणि ज्याला आपण सावली म्हणतो, तो खरे तर दिवसाचा उजेड असतो. हे वाक्य वाचल्यापासून मी झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा वेगळ्याच नजरेने पाहू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा डावा हात. त्यात रंगांची पाटी आणि कुंचले आहेत, आणि पाटीवर रंगाचे ठिपके खरोखरच्या रंगाचेच आहेत. अंगावर उत्तम पोशाख, कानात लोलक, पण हातात कामाची अवजारे. अकादमीत जायच्या आदल्या वर्षीचे हे चित्र आहे, हे लक्षात घेतले की त्याचा अर्थ उलगडतो.

बखरकार

आपल्या देशाशी थेट जोडलेला एक भाग इथे आला पाहिजे. टिपू सुलतानाने इंग्रजांविरुद्ध फ्रान्सची मदत मागण्यासाठी तीन वकील, म्हणजे राजदूत, पाठवले होते : मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान. १७८७ मध्ये ते पाँडिचेरीहून निघाले. त्याच वर्षाच्या पूर्वार्धात मराठे आणि टिपू यांच्यातले युद्ध गजेंद्रगडच्या तहाने थांबले होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण आपल्या इतिहासात आपण तो तह पुण्याच्या बाजूने वाचतो आणि श्रीरंगपट्टणाहून त्यानंतर लगेच कोणती हालचाल झाली, हे सहसा पाहत नाही. १० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्सायला सोळाव्या लुईने वकिलांची भेट घेतली. लष्करी मदत मिळाली नाही, पण पॅरिसमध्ये त्यांना पाहायला गर्दी लोटत असे.

विजे-ल ब्रँने त्यांना ऑपेरात पाहिले आणि रंगवायचा ध्यास घेतला. राजाने सांगितले तरच आम्ही बसू, असा निरोप आला, तेव्हा तिने राजाकडून तशी विनंती मिळवली. ती त्यांच्या मुक्कामी गेली तेव्हा तिच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडून स्वागत झाले. दरवेश खानाने बैठक उभ्यानेच दिली. तिने त्याला पूर्णाकृती, तलवारीसह रंगवले. चित्र वाळायला ठेवले होते ते त्याने पलंगामागे दडवले आणि देईना. शेवटी त्याच्या नोकराला वश करून ते मिळवावे लागले, तेव्हा नोकराला ठार मारायची भाषा त्याने केली आणि दुभाष्याने मोठ्या मिनतवारीने त्याला आवरले. ही हकिकत तिच्या आठवणींतली आहे, तेव्हा रंग थोडा गडद झाला असेल, पण चित्र मात्र साक्षात आहे. सव्वादोन मीटर उंचीचे हे चित्र जानेवारी २०१९ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे ७२ लाख डॉलरला गेले.



रंगरेषा

या चित्राची मोठी प्रतिमा आत्ता पुन्हा काढून पाहिली. दृष्टीची पातळी खाली ठेवली आहे, त्यामुळे माणूस आकाशाला भिडल्यासारखा दिसतो. अंगात पांढऱ्या मलमलीचा जामा, त्यावर सोनेरी फुले. पांढऱ्यावर पांढरे रंगवणे हे तैलरंगातले अवघड काम आहे. घडीच्या आत निळसर-करडा, कडेला उबदार पिवळसर, आणि कापड पातळ आहे हे कळण्यासाठी खालचा थर वरून जाणवला पाहिजे. सोन्याची फुले तिने एकेक कोरीव काढलेली नाहीत, घडीबरोबर ती मोडतात, वाकतात, अर्धी दडतात. आणि नजर आपल्याकडे नाही. हा माणूस आपल्याला पाहण्याची तसदी घेत नाही.

हे चित्र १७८९ च्या सालाँत लागले होते. सहा वर्षांपूर्वी ज्या प्रदर्शनात राणीच्या अंगावरची मलमल लोकांना सहन झाली नाही, तिथेच ही मलमल मानाने टांगली गेली. चित्रवेडी यांचा मुद्दा मला इथे पटतो. राणीचा चेहरा असो की म्हैसूरच्या वकिलाचा, तिची नजर कापड, कातडी आणि ताठा यांवर सारख्याच निष्ठेने खिळलेली आहे. या माणसाची खुशामत करून तिला काहीही मिळणार नव्हते.

कोरापाट

दरवेश खानाच्या चित्रापुढे माझा आक्षेप बराच सैल झाला, हे कबूल करतो. तरी लाबीय-ग्यारचे नाव निघालेच आहे, तर तुलना टाळू नये. ती राजाच्या आत्यांची चित्रकर्ती होती, पण क्रांतीनंतर फ्रान्स सोडून गेली नाही. १७९० मध्ये अकादमीतली स्त्रियांच्या संख्येची मर्यादा उठवावी म्हणून ती भर सभेत बोलली, १७९१ मध्ये तिने क्रांतीचा नेता रोबेस्पियर याच्यासह राष्ट्रीय सभेच्या प्रतिनिधींची चित्रे केली. आणि १७९३ मध्ये राजाच्या भावासाठी केलेले, अनेक वर्षांच्या मेहनतीचे प्रचंड चित्र तिला नष्ट करायला लावले गेले. एकीने पळ काढला आणि कीर्ती मिळवली, दुसरी राहिली आणि तिचे सर्वांत मोठे काम गमावून बसली. मला दुसरीचे मोल अधिक वाटते.

चित्रवेडी

लाबीय-ग्यारवर स्वतंत्र धागा निघायलाच हवा, आणि तो आपणच काढावा अशी विनंती आहे. मात्र ‘पळ काढला’ हा शब्द मला जड वाटतो. ६ ऑक्टोबर १७८९ रोजी राजा-राणीला जमावाने व्हर्सायहून पॅरिसला आणले, त्याच रात्री ती नऊ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या शिक्षिकेला घेऊन, साध्या कपड्यांत, सार्वजनिक घोडागाडीने इटलीकडे निघाली. राणीशी तिचे नाव इतके जोडलेले होते की मागे राहिली असती तर काय झाले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही. देशांतर केलेल्यांच्या यादीत तिचे नाव गेले, नागरिकत्व गेले, १७९४ मध्ये नवऱ्याने आपली मालमत्ता वाचवण्यासाठी घटस्फोट घेतला.

आणि मग ती काम करू लागली. माझ्या मूळ मुद्द्याचा खरा पुरावा पुढच्या बारा वर्षांत आहे. रोम, नेपल्स, व्हेनिस, व्हिएन्ना, आणि १७९५ पासून सहा वर्षे सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को. प्रत्येक गावी नवी भाषा, नवे गिऱ्हाईक, कर्जाऊ घेतलेली खोली, आणि रंग वाळायला किती दिवस लागतील याचा तिथल्या हवेप्रमाणे नवा हिशेब. कॅथरीन सम्राज्ञीच्या नातींचे चित्र तिने केले, तेव्हा त्यांचे उघडे दंड सम्राज्ञीला आवडले नाहीत म्हणून बाह्या रंगवाव्या लागल्या, आणि तिने त्या रंगवल्या. फ्लॉरेन्सच्या उफिझी या चित्रसंग्रहालयाने आत्मचित्र मागितले तेव्हा मात्र, १७९० मध्ये, तिने स्वतःला राणीचा चेहरा रंगवताना दाखवले. तो काळ पाहता ही जाहीर निष्ठा होती. पीटर्सबर्गच्या अकादमीने तिला १८०० मध्ये सदस्य करून घेतले. इकडे पॅरिसमध्ये २५५ कलावंतांनी सह्या करून तिचे नाव यादीतून काढण्याची मागणी केली, त्यांत पूर्वीचे प्रतिस्पर्धीही होते, आणि १८०२ मध्ये ती परतली. त्यानंतर इंग्लंडमध्ये राहून काम केले, नेपोलियनच्या बहिणीचे, कारोलीन म्युराचे, चित्र केले. आयुष्याअखेर तिने स्वतःच्या व्यक्तिचित्रांची संख्या साडेसहाशेच्या वर मोजली आहे. त्यांत राणीची तीस.

टेम्सकाठ

मुलीचे पुढे काय झाले, हे कुणी सांगेल का? १७८६ चे, लूव्रमधले, मुलीला कवेत घेतलेले आत्मचित्र सर्वांना ठाऊक असते, ज्यात ती दात दिसतील अशी हसली आहे म्हणून पॅरिसमध्ये टीका झाली होती. त्यापुढचे कधी वाचायला मिळाले नाही.

चित्रवेडी

जुलीने रशियात असतानाच आईच्या मर्जीविरुद्ध लग्न केले. आईला तो घाव फार लागला आणि दोघींमधले अंतर नीट कधी मिटलेच नाही. जुली १८१९ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, गेली. आई १८४२ पर्यंत जगली.

रंगरेषा यांनी पाठीमागच्या आरशाचा उल्लेख केला, त्यावरून जुलीचे एक चित्र आवर्जून पाहा असे सुचवते. १७८७ चे आहे, आता न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. सात वर्षांची मुलगी हातात आरसा धरून त्यात पाहते आहे. आपल्याला तिची एक बाजू दिसते आणि आरशात पूर्ण चेहरा, डोळे थेट आपल्याकडे. आरसा ज्या कोनात धरला आहे, त्या कोनातून असा समोरचा चेहरा दिसणे कठीण आहे. आईला मुलीचा चेहरा दोन्ही बाजूंनी हवा होता, म्हणून तिने तो तसा रंगवला.